‘काऊन वं?’ म्हणजे भांडण नाही

दर्यापूर तालुक्यातल्या एका सुनेचं पत्र आलंय. थोडं कापून देते, मजकूर तिचाच आहे.

*ताई, मी मूळची कराड तालुक्यातली. लग्नाला वर्ष होत आलं. नवरा आणि मी पुण्यात एकाच कंपनीत होतो. सासऱ्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, शेती बघायला घरात कुणी नव्हतं, म्हणून आम्ही इथं गावी राहायला आलो. माणसं वाईट नाहीत. पण मला इथली भाषा निम्मी कळत नाही आणि जी कळते ती लागते. सासूबाई दिवसभर ‘काऊन बसली?’, ‘कायले उठली?’ अशी झडती घेतात. ‘सैपाक करून रायली का?’ म्हणतात, तेव्हा वाटतं, स्वयंपाक राहिला म्हणून बोलताहेत. सासरे फोनवर ‘उद्या येईन’ म्हणाले, मी पाचला उठून त्यांचा डबा केला. जायचं होतं नवऱ्याला, आणि तेही दुपारी. शिवाय सासऱ्यांच्या तोंडात वाक्यागणिक शिवी. पहिल्याच आठवड्यात ‘गंजात पानी ठेव’ म्हणाले तर मी गंज म्हणजे काय ते शोधत बसले. ‘सांबार आन’ म्हटल्यावर मसाल्याचं पाकीट काढून दिलं. शेजारच्या काकू अजून मला बघितलं, की ‘सांबार सापडला का वं?’ म्हणतात. मग ठरवलं, आपणही यांच्यासारखं बोलू. ‘मले भूक लागली’ म्हटलं तर भंडाऱ्याहून आलेली नणंद म्हणाली, ‘नक्कल करून रायली.’ नवराही हसला.*

*गेल्या आठवड्यात सासूबाई ‘वरनाले गुंडातलं पानी घेजो’ म्हणाल्या. मला गुंड कळलं नाही, टाकीचं पाणी घेतलं. डाळ शिजली नाही. सगळ्यांसमोर म्हणाल्या, ‘तुह्या मायनं शिकवलं नाई काय तुले?’ तेव्हापासून मी कामापुरतंच बोलते. यांची मराठी अशुद्ध आहे असं तोंडानं कधी म्हटलं नाही, पण मनात येतं. पुढं मूल झालं तर ते काय बोलणार? मी यांच्यासारखं बोलायला शिकू, की माझं तेच धरून ठेवू?*

‘तू’ म्हणते, राग मानू नको. मी तुझ्या सासरच्याच मुलखातली, अकोटकडची. आमच्याकडे ‘अहो-जाहो’ पाहुण्यांसाठी राखून ठेवलेलं असतं. ज्याला ‘तुम्ही’ म्हणतात, त्याने अजून घरात पाय ठेवलेला नसतो.

तुझी गाऱ्हाणी एकात एक अडकली आहेत. बरीचशी कानाची आहेत. एक मात्र खरोखर अपमानाचं आहे, आणि ते बोलीच्या पोत्यात घालून बाजूला ठेवता येणार नाही. ते शेवटी घेते. आधी कानाचं.

‘करून रायली’ हा सगळ्यात मोठा गुंता. यात काही ‘राहिलेलं’ नसतं. तुमच्या कराडला ‘करतीयास’ म्हणतात, पुस्तकात ‘करते आहेस’ लिहितात, आमच्याकडे ‘करून रायली’. जे आत्ता चालू आहे त्याला हे रायला-रायली लागतं. पाऊस पडून रायला. पोट्टं रडून रायलं. लाइट जाऊन-येऊन रायली. तू भाकरी थापत असताना सासू दारातून डोकावून ‘सैपाक करून रायली का?’ म्हणते, तेव्हा ती हिशेब मागत नसते. जे दिसतंय तेच विचारते. खेड्यात दिसतंय ते विचारायची रीत तुमच्याकडेही आहे. ओल्या केसांनी बाहेर आलेल्या माणसाला ‘झाली का आंघोळ?’ विचारतातच की. पण तू उत्तर देत असशील, ‘राहिला नाही, मघाच झालाय.’ ऐकणारीला वाटणार, सून तुटक आहे. तुला तिचं लागलं, तिला तुझं लागलं, आणि दोघींनी एकमेकींना लागेल असं काही म्हटलेलंच नव्हतं.

डब्याचंही तसंच. ‘येईन’ म्हटलं, की तुझ्या डोक्यात ‘मी येईन’ उभं राहतं. वऱ्हाडात तो पण येईन, ती पण येईन, पाऊस पण येईन. तुमच्या ‘येईल’च्या जागी आमचं ‘येईन’च असतं. त्यात आमची माणसं कर्ता गिळून टाकतात. तेव्हा फोनवर ‘येईन’ ऐकलं, की सरळ विचारायचं: ‘कोण?’ सकाळची झोप वाचेल.

आता ‘काऊन’. ‘काऊन’ म्हणजे ‘का’, एवढंच. तुझ्या कानावर तो पोलिसाच्या आवाजात येतो, कारण तुमच्याकडे ‘का गं?’ला जो लाडाचा हेल आहे तो याला नाही. आमच्याकडे आवाज मुळातच वरचा असतो. एका वावरातून दुसऱ्या वावरात बोलायची सवय असलेली माणसं घरातही त्याच पट्टीत बोलतात. अंगणात कुणी ओळखीचा आला, की ‘काऊन भाऊ, लय दिसानं?’ हे स्वागत असतं. ‘कायले उठली?’ म्हणजे ‘उठायची गरज नव्हती, पड अजून जराशी’. ‘कायले तरास घेतं?’ यात तर सरळ सरळ माया आहे. ओळखायचं कसं, तर शेवटाकडे कान ठेव. ‘काऊन वं, जेवली नाई?’ यातलं ‘वं’ जवळच्या बाईलाच लागतं. ‘करजो’, ‘घेजो’, ‘येजो’ हे हुकूम नसतात. ‘सवडीनं कर हं’ अशातली ती सांगणी आहे. म्हणजे ‘गुंडातलं पानी घेजो’ हे वाक्य सासूने चांगल्या मनाने म्हटलेलं होतं. पुढचं वाईट झालं ते नंतर.

आणि खरोखर रागावलेली वऱ्हाडी बाई कशी ओळखायची, तेही सांगून ठेवते. ती प्रश्न विचारायचं बंद करते. मग ती गंजाशी बोलते, म्हशीशी बोलते, देवाशी बोलते, आणि तुला नीट ऐकू जाईल अशा बेताने बोलते. ‘आपलं काय बाप्पा, आपुन आता बुढे झालो’ असं चुलीला उद्देशून सुरू झालं, की समज काहीतरी बिनसलंय. ‘काऊन’ चालू आहे तोवर सगळं ठीक.

बुढा-बुढीचं लिहिलं नाहीस, पण ते ऐकूनही दचकली असशील. ‘माहा बुढा’ म्हणजे माझा बाप, ‘बुढी’ म्हणजे आई, पोट्टा-पोट्टी म्हणजे मुलगा-मुलगी. तोंडावर बाबा आणि माय, मागे बुढा-बुढी. कुणी तुला ‘कराडची पोट्टी हुशार हाय’ म्हटलं तर ते कौतुक आहे, घेऊन टाक.

मामाजींच्या, म्हणजे तुझ्या सासऱ्यांच्या, शिवीबद्दल. तू शब्द लिहायचा टाळलास, पण कळला. इचीबहीन. मूळ अर्थ घाणेरडाच आहे, त्यात शंका नाही. पण वापरून वापरून त्याची धार इतकी गेली आहे, की मोटारीचा स्टार्टर उचलला नाही की इचीबहीन, पाऊस वेळेवर आला की इचीबहीन, आणि नातवाने पहिला नंबर काढला की अभिमानानेही इचीबहीनच. तो तुला उद्देशून नसतो. बहुतेक वेळा तो माणसालाच उद्देशून नसतो. एवढं मात्र सांगते, की वऱ्हाडी बोलायच्या हौशीत हा शब्द तू उचलू नको. तो पुरुषांचा आहे. सासू काय म्हणते ते ऐक: ‘माय वं!’, ‘अवं बाई!’, ‘अरे बाप्पा!’ तुझ्या कामाचे हे.

आता ते मनातलं ‘अशुद्ध’. बोलून दाखवलं नाहीस हे शहाणपण, पण ते मनात असेतोवर तोंडावर दिसतं, म्हणून त्यावर थोडं थांबते.

पुण्यात नोकरीला लागलीस तेव्हा ‘न्हाई’, ‘लई’, ‘हिकडं’, ‘कुठं चाललीयास’ हे सगळं आत ठेवून दिलं असशील. ते कुणी ठेवायला लावलं? ज्यांनी तुझ्या कराडच्या बोलण्याला गावठी ठरवलं, त्यांच्याच फूटपट्टीने तू आता सासूला मोजते आहेस. फूटपट्टी आली कुठून ते पाहा. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली मुंबईत छापला गेला. पुढे शाळेची क्रमिक पुस्तकंही मुंबई-पुण्याकडे तयार झाली. सातारचं राज्य १८४८ साली खालसा झालं आणि तुमचा मुलूख त्याच मुंबई इलाख्यात गेला, त्यामुळे पुस्तकातली भाषा तुम्हाला थोडी तरी शेजारची होती. वऱ्हाड तेव्हा निजामाकडे. १८५३ साली कारभार इंग्रजांकडे आला, १९०३ पासून आम्ही नागपूरच्या मध्य प्रांताला जोडले गेलो, जिथे मराठीच्या बरोबरीने हिंदी चालायची. १९५६ साली मुंबई राज्यात आलो, १९६० साली महाराष्ट्रात. आमच्या बोलण्यात आलू, ठेला का आहेत याचं अर्धं उत्तर त्यात आहे. ‘ळ’चा ‘य’ होणं, म्हणजे डोया, काया, सकायी, हे जीभ जड असल्याने होत नाही. गावोगाव, कितीतरी शब्दांत एकाच पद्धतीने होतं, म्हणजे तो नियम झाला. ग्रियर्सनने भारतातल्या भाषांची पाहणी केली, तिच्या १९०५ साली निघालेल्या मराठीच्या खंडात वऱ्हाडीची वेगळी नोंद आहे. मराठीतला आद्य गद्य ग्रंथ म्हणून लीळाचरित्राचं नाव घेतात. तो म्हाइंभटांनी तेराव्या शतकात लिहिला तो रिद्धपूरला, तुझ्या आताच्या जिल्ह्यात. मराठी भाषा विद्यापीठही सरकारने तिथेच काढलंय.

पण ही पुस्तकी माहिती बाजूला ठेव. तुझ्याच कराडात सद्गुरू गाडगे महाराज कॉलेज आहे ना? रयत शिक्षण संस्थेने १९५४ साली काढलेलं. ते गाडगेबाबा २३ फेब्रुवारी १८७६ ला शेंडगावला जन्मले. शेंडगाव अंजनगाव सुर्जी तालुक्यात, म्हणजे तुझ्या सासरच्या शेजारच्याच तालुक्यात. बालपण गेलं मूर्तिजापूरकडच्या दापुऱ्याला, मामाच्या घरी, ढोरं राखण्यात आणि शेतात राबण्यात. हा माणूस मुंबईला गेला, पंढरपूरला गेला, साताऱ्याकडे गेला, आणि कीर्तनात सगळीकडे आपल्या वऱ्हाडीतच बोलला. लोकांना प्रश्न विचारायचे, लोक उत्तरं द्यायचे. तुझ्या आजोबा-पणजोबांच्या पिढीने ते मले-तुले ऐकलंय आणि कीर्तन संपल्यावर हातात झाडूही घेतलाय. त्यांना कळत होतं, तर तुलाही कळेल. सवयीचा प्रश्न आहे.

स्वयंपाकघराकडे वळू. गंज म्हणजे पातेलं, हे तू शिकलीसच. अॅल्युमिनियमचा असेल तर तो ‘जर्मनचा गंज’. त्यात जर्मनीचं काय आहे हे विचारत बसू नको. सांबार म्हणजे कोथिंबीर, आणि हिवाळ्यात ती स्वस्त झाली की सांबारवडी करतात. मैदा-बेसनाच्या पारीत तिखट सारण भरून तळलेली ही वडी एकदा खाल्लीस, की सांबार या शब्दावरचा तुझा राग जाईल. भेद्रं म्हणजे टोमॅटो. चून म्हणजे तुमच्याकडचं पिठलं. सराटा म्हणजे उलथनं. ‘उलसक मीठ टाक’ म्हणजे अगदी थोडंसं. गुंड म्हणजे पाण्याची मोठी घागर, पितळेची किंवा स्टीलची. मामाजींचं ज्याचं ऑपरेशन झालं तो टोंगळा, आणि त्यांच्या तोंडी ‘टोंगया’.

गाव हसलं, ते मला तितकंसं वाईट वाटत नाही. नव्या सुनेवर एक गोष्ट चिकटवायची आणि ती वर्षभर पुरवायची हा खेड्याचा जुना खेळ आहे. तुझी बोलीची निघाली, दुसरीची चहात मीठ टाकल्याची निघते. शेजारच्या काकूंना पुढच्या वेळी म्हण, ‘सापडला काकू, तुमच्या वावरातूनच आणला.’ दोन वेळा असं झालं, की त्यांची मजा जाईल आणि त्या तुला खरंच दोन जुड्या आणून देतील. आणि तुझे शब्दही इथे उलटे पडत असणार, हे विसरू नको. तुम्ही ‘रानात गेलेत’ म्हणता तेव्हा शेतात गेलेत. इथे रान म्हणजे जंगल, शेत म्हणजे वावर. तू कुणाला ‘ते रानात गेलेत’ सांगितलं असशील तर त्या माणसाने मेळघाटाच्या दिशेने पाहिलं असेल.

तुझा मुख्य प्रश्न: शिकू का? शीक, पण उलट्या टोकाने शिकू लागली होतीस. तू ‘मले’ उचललंस. मले-तुले, माह्यं-तुह्यं, रायली-येईन, हे बोलीचं हाड आहे. ते बाहेरच्या माणसाने मुद्दाम लावलं, की ऐकणाऱ्याला नकलेसारखंच लागतं, मग मनात कितीही चांगलं असो. नणंदेने बोलायला नको होतं, पण कान तिचा बरोबर होता. वस्तूंची नावं घे आधी. गंज, गुंड, सांबार, वावर, धुरा (म्हणजे बांध), ढोरं, कुटार. वाक्य तुझं कराडचं राहू दे आणि नाव इथलं: ‘आई, गंज कुठं ठेवलाय?’ याला कुणी हसत नाही. उलट सासूला वाटतं, पोरगी घरात रुळली. ‘मले’ यायचं असेल तर ते एखाद्या दिवशी घाईत, भांडणात किंवा भाव ठरवताना आपोआप तोंडातून निघेल, तुला कळणारही नाही. नाही निघालं तरी बिघडत नाही. तीस-तीस वर्षं नांदलेल्या खानदेशातल्या, मराठवाड्यातल्या बायका आमच्याकडे आहेत, त्यांचं माहेर अजून तोंडात आहे आणि घर त्यांच्या शब्दावर चालतं.

शिकायची जागा मात्र स्वयंपाकघर नव्हे. तिथे तू आणि सासू दोघीच, आणि प्रत्येक शब्दाची परीक्षा होते. वावरात जा. दिवाळीनंतर कापसाची येचणी जोरात असते. बायका पऱ्हाटीच्या ओळीत शिरल्या, की हात चालू आणि तोंडही चालू. तिथे तुझ्याकडे कुणी रोखून बघत नाही, सगळ्यांचे डोळे बोंडावर असतात. तुला शेतकाम येतं. फक्त नावं बदलली आहेत. तुमची भांगलण ती आमची निंदण. तुमची कोळपणी ती डवरणी. तुमची कुरी ती तिफण, वैरण म्हणता त्यात आमचं कुटार आलं. शेवटची येचणी होऊन वावर ढोरांना मोकळं झालं, की ‘उलंगवाडी’ झाली म्हणतात; हा शब्द ऐकायला माघ-फाल्गुनापर्यंत थांबावं लागेल. एक शब्द मात्र लगेच पाठ कर, कारण त्यात पैसे आहेत: गुत्ता. ‘गुत्त्यानं’ म्हणजे उक्तं, ‘रोजानं’ म्हणजे दिवसाच्या मजुरीवर. सोंगणी-निंदणीचं बोलणं करताना या दोहोंत घोटाळा झाला, तर संध्याकाळी धुऱ्यावर जे ऐकावं लागेल त्यात ‘वं’ नसेल. नवरा शेती बघतोय आणि तू नोकरी केलेली बाई आहेस, तेव्हा मजुरीची वही तू घे. वही हातात आली, की लोक समजावून बोलतात. हा सल्ला मी भाषेसाठी देत नाहीये, तुझ्यासाठी देतेय, पण भाषाही त्यातच येईल.

नणंदेचं सांगते. ती भंडाऱ्याकडे दिली आहे, हे तू सहज लिहून गेलीस, पण माझ्या दृष्टीने पत्रातली सगळ्यात कामाची ओळ ती. भंडारा-गोंदिया-गडचिरोली ही झाडीपट्टी. तिथली झाडीबोली वऱ्हाडीपासून चांगलीच वेगळी. तिथे धान होतो, कापूस नाही. शेताला बांधी म्हणतात, रोपाला पऱ्हे, लावणीला रोवणी, शेतातल्या लहान तळ्याला बोडी. वऱ्हाडातून गेलेल्या पोरीला ‘बोडीवर जाऊन ये’ म्हटल्यावर तिचं तोंड कसं झालं असेल? तिला तिथे ‘काय गा’, ‘हो जी’ ऐकून काय वाटलं, ते विचार. एकटी असताना विचार, चारचौघांत नको. तिच्याकडे तुझ्याइतक्याच गोष्टी निघतील, आणि एकदा तिने त्या तुला सांगितल्या, की ती तुझी नक्कल काढायची नाही.

मुलाचं फार मनावर घेऊ नको. अजून झालंही नाही. झालं की ते आजीला ‘मले दे’ म्हणेल, तुला ‘मला दे’ म्हणेल आणि शाळेत मास्तरांना तिसरंच काहीतरी. कुणाशी काय बोलायचं हे लेकरांना शिकवावं लागत नाही. आजीशी बोलताना त्याला मधेच दुरुस्त करू नको, एवढं पथ्य पाळ. आणि तुझी कराडची बोली त्याच्याशी सोडू नको. पुस्तकी मराठी त्याला शाळेत आणि मोबाइलवर मिळेलच.

आता ते राहिलेलं. ‘तुह्या मायनं शिकवलं नाई काय तुले?’

हे वऱ्हाडीत म्हटलं काय, कोल्हापुरीत म्हटलं काय आणि सदाशिव पेठेत म्हटलं काय, हा टोमणाच आहे. पयसाले पानं तीनच. ‘आमच्याकडे असंच बोलतात’ हे सांगायला तुझ्या घरातलं कुणीतरी पुढे येईल. त्याला मान डोलवू नको. ‘काऊन’ आमच्याकडे असंच बोलतात. सुनेच्या आईचं नाव पाच माणसांत काढणं आमच्याकडेही वाईटच मानतात, सासूला ते पुरतं ठाऊक आहे. भांडू नको, पण गिळूही नको. दुपारी ती तूर किंवा हरभरा निवडत बसली, की शेजारी बस, सूप हातात घे आणि तुझ्या बोलीत सांग: ‘आई, माझं चुकलं तर मला बोला, माझ्या आईला मधी आणू नका.’ वऱ्हाडी करून सांगायला जाऊ नको. हे वाक्य माहेरच्याच बोलीत गेलं पाहिजे. पुढे स्पष्टीकरण देऊ नको, डाळीचा विषय काढू नको, तूर निवडत राहा. ती बहुधा काहीच बोलणार नाही. थोड्या वेळाने ‘चहा मांड वं’ म्हणाली तर पोचलं समज.

नवऱ्याशी बोलणं याहून गरजेचं आहे, आणि त्याला मी जरा जास्तच धारेवर धरीन. त्या घरात दोन्ही भाषा येणारा तो एकटा आहे. पुण्यात जाऊन त्याने ‘मला-तुला’ शिकून घेतलं, तेव्हा तो कुणाच्या तरी हसण्यातून गेला असणारच. आणि आता आपल्या घरात, आपल्या बायकोवर लोक हसतात तेव्हा तो त्यांच्यात बसून हसतो. सांबाराच्या पाकिटावर हसला, ठीक. ‘मले’वर हसला तेही एकवेळ चाललं असतं. पण वरणाच्या दिवशी तो गप्प बसला. त्याला सांग, की मला दुभाषा नको, मला शब्द विचारता येतात. पण माझ्या आईचं नाव निघालं, की ‘माय, असं बोलू नको’ एवढे चार शब्द तुझ्या तोंडून आले पाहिजेत, आणि तेही तिथल्या तिथे. सासू पोराचं हे ऐकेल. सुनेचं ऐकायला तिला अजून वेळ लागेल. तो टाळाटाळ करू लागला, तर मला पुन्हा लिही. तो मग बोलीचा प्रश्न राहणार नाही आणि त्याचं उत्तरही वेगळं असेल.

राहिली डाळ. ती तुझ्यामुळे कच्ची राहिली नाही. दर्यापूरचा भाग पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात येतो; अमरावती, अकोला, बुलडाणा या तिन्ही जिल्ह्यांत तो पसरलाय. जमिनीखालचं पाणी खारं आणि जड, साबणाला त्यात फेस येत नाही आणि तूरडाळ त्यात तासन्‌तास उकळली तरी दाणा दाणा राहते. टाकीत बोअरचं पाणी असणार. म्हणून सासूने गुंडातलं घ्यायला सांगितलं होतं, त्यात नळाचं गोडं पाणी भरून ठेवतात. नळ रोज येत नसेल तर वरणापुरता एक गुंड वेगळा भरून ठेव. डाळ तासभर आधी भिजव, भिजवायलाही तेच पाणी घे, मीठ आणि चिंच शिजल्यावर घाल. कुकरला दोन शिट्ट्या जास्त दे.